जैनोद्दीनभाईंनी जोडलेली मोटार

येरमाळ्यात मोटार बाळगणारा मी पहिला नव्हे, पण शाळेची नोकरी सोडून मोटार घेणारा पहिला, आणि बहुधा शेवटचाच. १९५७ साली हेडमास्तरांशी माझं कडाक्याचं वाजलं. चूक त्यांचीच होती असं मी पुढं दहा वर्षं सांगत फिरलो. आता वय झाल्यावर तेवढी खात्री वाटत नाही. राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटला आणि तिसऱ्याच आठवड्यात उस्मानाबादेहून मोटार घेऊन गावात आलो. एका जहागीरदाराच्या घरातली होती ती. निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, आणि मोटार गोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. टपावर कोंबड्या बसायच्या. काळी, विलायती, लढाईच्या आधीची, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. ती मी कशी घेतली ते विचारू नका. आई पुढं वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही.

येडशीच्या स्टेशनावर तेव्हा छोटी रेल्वे यायची. तिथं उतरलेली माणसं येरमाळ्याला आणायची, येडेश्वरीचं दर्शन झालं की परत पोचवायची, असा माझा धंदा. एस.टी. होती, पण तिची वाट बघण्यातच माणसाचा दिवस जायचा. मोटार चालवायला लागलो तरी लोक मला ‘मास्तर’च म्हणायचे. कुणी ड्रायव्हर म्हटलेलं मला खपलं नसतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं आणि तोंड त्याच्याही आधी सुटायचं.

पण हे माझं पुराण नव्हे. मला सांगायचंय ते जैनोद्दीनभाई लोहारांविषयी.

कळंबच्या रस्त्याला, गाव संपता संपता एक चिंच होती. तिच्या खाली त्यांची भट्टी. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, डावी भुवई जळून गेलेली. आवाज इतका हळू की भाता चालू असला तर दोनदा विचारावं लागायचं. भाता ओढायला त्यांची बायको जमिलाबी. ती मात्र मोकळ्या गळ्याची आणि चेष्टेखोर. नवऱ्याचं निम्मं बोलणं तीच बोलायची. त्यांचा मोठा भाऊ पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्या साली मुलाबाळांसकट निघून गेला होता. जमिलाबीचा भाऊ हैदराबादेत कारखान्यात होता आणि दर ईदेला त्याचं उर्दूत पत्र यायचं, की इथं या, इथं काम आहे. जमिलाबीची आई तिकडंच असल्यानं तिचं मन तिकडं ओढायचं. जैनोद्दीनभाई पत्र घडी करून पेटीत ठेवायचे आणि म्हणायचे, “जाऊ की. मृगाच्या आधी कसं जायचं? फाळ कोण लावून देईल?” मृग संपला की सुगी यायची, सुगी संपली की गुऱ्हाळं. असं करत दहा वर्षं गेली होती.

त्यांचं खरं नाव होतं ते गाडीच्या चाकांसाठी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची म्हणजे गोवऱ्यांच्या आरात ती लालभडक तापवायची, चार माणसांनी सांडशीत धरून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक कडकड करत आवळलं जातं. मग जैनोद्दीनभाई चाक गच्च धरून हलवायचे. गहू मावेल एवढी जरी फट राहिली तरी धाव काढून परत आर पेटवायचे. ते कधी शिवी देत नसत. पण एखाद्या कामाला त्यांनी ‘ढिलं’ म्हटलं की ते काम करणाऱ्यानं मान खाली घालावी, एवढी ती मोठी शिवी होती.

त्यांची आणखी एक रीत होती. ज्या वस्तूवर माणसाचा भार पडणार, तिच्यावर आधी त्यांच्या घरचं माणूस बसायचं. पाळण्याची कडी केली की स्वतः तिला लोंबकळायचे. गाडीचा आस बदलला की जमिलाबीला बसवून ओढ्यापर्यंत फेरी. त्याशिवाय वस्तू मालकाच्या हातात पडत नसे. जमिलाबी हसून म्हणायची, “गावातल्या निम्म्या गाड्यांत नव्या नवरीच्या आधी मीच बसलीय.”

तर १९५८ च्या चैत्रात माझ्या मोटारीच्या मागल्या उजव्या बाजूनं खडखडायला सुरुवात केली. खड्डा आला की डिक्कीत कुणीतरी हातोडा मारतंय असं वाटायचं. मागच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असते आणि तिचं उसळणं आवरायला शेजारी एक उभा दांडा असतो, त्याला आम्ही शॉकअप म्हणायचो. त्याचं खालचं टोक आसाला आणि वरचं टोक डिक्कीतल्या पत्र्याच्या एका उंचवट्याला. उपड्या तांब्यासारखा तो उंचवटा. जैनोद्दीनभाई त्याला टोपी म्हणत, म्हणून मीही टोपीच म्हणतो. ती टोपी गंजून दोन बोटं तडकली होती आणि शॉकअपच्या डोळ्यातलं, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकातलं, रबर सडून भुगा झालं होतं.

सोलापूर लांब आणि जत्रा चार दिवसांवर. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची जत्रा म्हणजे माझी सुगी. मी गाडी चिंचेखाली नेली. जैनोद्दीनभाईंनी मोटारीचं काम कधी केलेलं नव्हतं, पण लोखंड ते लोखंड असं माझं मत. मतं मला भरपूर होती.

त्यांनी डिक्कीत डोकं घालून बराच वेळ बघितलं, बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, “मास्तर, पत्रा जोडता यील. पण हितं आधी रबर हुतं. कायतरी मऊ पायजे हितं.”

“मग घाला की.”

“टायरचा तुकडा घालून बघितला. बोल्ट आवळला की पिळून भाईर येतोय. मला चार दिस द्या. कायतरी हुडकतो.”

“चार दिवसांनी जत्रा संपलेली असेल, जैनोद्दीनभाई. लोखंड घाला. धाव बसवता तसं गच्च बसवा. हा खडखडाट तेवढा बंद झाला पाहिजे. उतारू विचारतात, ही मोडायला लागली का म्हणून.”

“चार दिस थांबला असता तर बरं हुतं,” ते परत म्हणाले.

“मला थांबायला वेळ नाही.” मी जरा मोठ्यानंच बोललो. जमिलाबीनं भाता ओढायचा थांबवून माझ्याकडं बघितलं.

आता यात त्यांचं काहीच चुकलं नाही असंही नाही. नको म्हणायचा त्यांना हक्क होता. पण ‘गच्च बसवा’ हा शब्द त्यांच्या वर्मी लागला असणार. ज्या माणसानं जन्मभर ढिलेपणाशी वैर केलं, त्याला गच्च बसवण्यात चूक कशी दिसावी? त्यांनी लोखंडाची कडी घडवली, शॉकअपचा डोळा तापवला, कडी आत बसवली आणि पाणी ओतलं. टोपीवर पत्र्याचं ठिगळ लावून रिबिटा मारल्या, म्हणजे लाल तापवलेले खिळे आरपार घालून टोकं ठोकून चपटी केली. मग हात लावून हलवून बघितलं. केसभरही हलेना. त्यांचा चेहरा उजळला. लोहाराच्या हिशेबानं ते काम अव्वल होतं. बैलगाडीला ते शोभलंही असतं, कारण बैलगाडीला स्प्रिंग नसते.

रीतीप्रमाणं नवराबायको मागं बसले. येडशीच्या रस्त्यानं कोसभर जाऊन आलो. चूं नाही की चां नाही. मी इतका खूश झालो की जमिलाबीला देवळापुढच्या दुकानातून बत्तासे घेऊन दिले.

जत्रा उत्तम झाली. मोटारीत आठ-आठ, नऊ-नऊ माणसं कोंबून मी फेऱ्या मारल्या. आवाज नव्हता. पण चाक उसळलं की शॉकअपला डोळ्यातल्या डोळ्यात थोडं फिरावं लागतं. रबर होतं तेव्हा ते फिरत होतं. आता ते फिरेना, आणि सगळा पीळ पातळ पत्र्यावर यायला लागला. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या आठवड्यात कस्तुराबाई अक्का माझ्या गाडीत होत्या. अक्का म्हणजे आण्णासाहेबांची बायको. दोन विहिरी, गुऱ्हाळ, घरचा पसारा मोठा. आण्णासाहेब शेत बघायचे आणि अक्का गाव बघायच्या, असं म्हणत. बेंबळीला भाचीच्या घरी बारसं होतं, तिथून त्या येडशीपर्यंत आल्या आणि मी त्यांना स्टेशनावर घेतलं. येडशी सोडून मैलभर आलो असू. एका खड्ड्यात चाक गेलं आणि मागं कडाड्कन आवाज झाला. टोपी पत्र्यातून उपसून निघाली होती. शॉकअप खाली लोंबला, चाकात अडकला, आणि गाडी माझ्या हातातून सुटून रस्त्याच्या कडेला नाल्यात गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. अक्कांचं खांद्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. जैनोद्दीनभाई विळे आणि खुरपी मांडून बसले होते, शेजारी हणमंतप्पा वाण्याचं दुकान. मी तिथं गेलो आणि उभ्या बाजारात बोलायला सुरुवात केली. काय बोललो ते सगळं इथं लिहवत नाही. बैलगाडीच्या लोहारानं बैलगाडीच बघावी, असं म्हणालो. अक्कांचा जीव गेला असता म्हणजे, असं म्हणालो. तुमच्या हातावर भरोसा ठेवला ही माझी चूक, असंही म्हणालो. पन्नास-साठ माणसं गोळा झाली. जैनोद्दीनभाई उठून उभे राहिले होते. त्यांनी एकदाच विचारलं, “अक्कांचं कसं हाय?” मी तसाच बोलत राहिलो. ‘चार दिस द्या’ म्हणालो होतो, असं एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. ते म्हणाले नाहीत. मला वाटलं, त्यांना बोलायला जागाच नाही. रागात माणसाला असलं काहीही वाटतं.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. वैशाख चालू होता. दरवर्षी या दिवसांत चिंचेखाली नांगरांची आणि चाकांची रांग असायची. त्या वर्षी चार माणसं आली, मग दोन, मग कुणीच नाही. लोक वाईट नव्हते. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण ज्या चाकावर बायकामुलं बसायची ते चाक कुणाकडं न्यायचं, यात कुणी भीड धरत नाही. हणमंतप्पानं मोटेचं चाक बार्शीला नेलं. आण्णासाहेबांची गुळाची काहील तडकली होती, तीही गाडीवर चढवून बार्शीला गेली. भट्टीवरून जाताना मला राख थंड दिसायची. मी मान वळवून पुढं जायचो.

मग कळलं की जैनोद्दीनभाई हैदराबादेला निघाले. जमिलाबीनं भांडी पोत्यात भरायला घेतली होती.

त्याच आठवड्यात ते माझ्या दारात आले. माझी मोटार अंगणात मागून एका बाजूला कलून उभी होती. सोलापूरच्या माणसानं बघून सांगितलं होतं की असले भाग आता येत नाहीत, भंगारात घाला.

“मास्तर, गाडी द्या,” ते म्हणाले.

“कशाला?”

“असंच टाकून गेलो तर तिकडं गेल्यावर हातोडा कसा उचलू? लोक म्हणतील ते म्हणतील. मला कळाया पायजे, कुठं चुकलं.”

 मी किल्ली दिली. मग स्वतःच बैल मागून आणले आणि गाडी ओढून चिंचेखाली नेली. नऊ दिवस मी तिथं गेलो. जमिलाबी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि आत जायची. भाता मी ओढला.

ते नऊ दिवस माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाहीत. शाळेत मी मुलांना शिकवत होतो, पण काम कशाला म्हणतात ते तिथं शिकलो. पहिले दोन दिवस त्यांनी काहीच केलं नाही. मागचं सीट काढलं आणि आत मांडी घालून बसून राहिले. मला सांगायचे, “दाबा.” मी बाहेरून गाडीच्या मागल्या बाजूवर भार द्यायचो आणि सोडायचो. ते शॉकअपवर तळहात ठेवून बसायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आले आणि म्हणाले, “मास्तर, हे फिरतंय. दाबलं की बोटभर फिरतंय. म्या त्याचा गळा आवळला हुता.” इतकं साधं वाक्य, पण बोलताना त्यांचा चेहरा पडला होता. ज्या गोष्टीचा जन्मभर अभिमान धरला, तीच इथं नडली हे कळायला त्यांना जड गेलं असणार.

मग कामाला लागले. पत्रा टोपीच्या भोवती चार ठिकाणी फाटला होता. प्रत्येक फाटीच्या टोकाला त्यांनी हातानं ड्रिल फिरवून ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलं. मी म्हणालो, “आधीच फाटलंय, त्यात आणखी भोकं?” ते म्हणाले, “काहिलीला तडा गेला की असंच करत्यात. तडा भोकापर्यंत येतो आन् थांबतो. भोक नसंल तर तो रोज एक बोट पुढं जातो.” ठिगळाला त्यांनी पत्रा घेतला नाही. आण्णासाहेबांच्या एका जुन्या, कधीच मोडीत निघालेल्या काहिलीचा तुकडा त्यांच्याकडं पडून होता. तिच्या काठाजवळचा बाक टोपीच्या बाकाला जवळपास जुळत होता. तो तापवून, ठोकून, परत तापवून, सहा वेळा लावून बघून त्यांनी तसाच्या तसा बसवला. मागच्या वेळी ठिगळ तळहाताएवढं होतं. या वेळी सूपभर झालं. “भार एका जागी नको. चार जणांनी मिळून उचलू द्या,” म्हणाले. लाल रिबिट आतून मी धरायची आणि बाहेरून त्यांनी ठोकायची. माझ्या हातावर अजून दोन डाग आहेत.

राहिलं ते मऊ. रबर मिळणारच नव्हतं. त्यांनी जुन्या मोटेचं चामडं आणलं. वर्षानुवर्षं पाण्यात भिजून आणि उन्हात वाळून ते चामडं चिवट झालेलं असतं. त्याच्या चकत्या कापून चार दिवस करडईच्या तेलात मुरत ठेवल्या. मग एकीवर एक चढवून डोळ्यात बसवल्या आणि बोल्ट आवळला. हात लावून हलवलं. थोडं हललं. अगदी थोडं. जैनोद्दीनभाई त्या हलण्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग पान्हा खाली ठेवला.

“झालं?” मी विचारलं.

“बसून बघू,” ते म्हणाले.

पण बसणार कोण? या वेळी त्यांना स्वतः सीटवर बसायचं नव्हतं. डिक्कीत आडवं पडून टोपीवर हात ठेवून त्यांना बघायचं होतं. जमिलाबी पदर खोचून पुढं आली. दोन-चार माणसं चिंचेखाली उभी होती, पण ती नुसतीच बघत होती. बाजाराचा दिवस होता, रस्त्यानं माणसं जात होती, कुणी थांबत नव्हतं. मागचं सीट परत बसवलं होतं, पण ते रिकामं ठेवून चालणार नव्हतं, निदान दोघांचा तरी भार हवा होता.

तेवढ्यात कस्तुराबाई अक्का आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला. आण्णासाहेबांना न सांगता आल्या होत्या हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. गाडीजवळ येऊन मला म्हणाल्या, “दार उघड.”

“अक्का, तुम्ही नका—”

“मी बसले तवा मोडलं. मग जुळलं का न्हाय ते मी बसल्याबिगर कोण सांगणार? ही तर रोजच बसती, हिचं कोण खरं मानंल?” त्या आत बसल्या, अगदी उजवीकडं, त्या चाकाच्या वर. जमिलाबी शेजारी. बसता बसता अक्कांनी डावा हात जमिलाबीच्या हातावर ठेवला. भीती त्यांनाही वाटत होती.

“अक्का, उतरा,” जैनोद्दीनभाई डिक्कीजवळून म्हणाले.  “परत काय झालं तर म्या तोंड कुठं दाखवू?”

“तू आत जाऊन पड बघू,” अक्का म्हणाल्या.

मी रस्ता सोडून गाडी ओढ्यात घातली. गोट्यांतून, खड्ड्यांतून, एकदा, दोनदा, तीनदा. गाडी उसळायची, आपटायची, दोघी बायका एकमेकींवर पडायच्या. मागून मऊ, दबका आवाज यायचा, जातं फिरताना येतो तसला. खडखडाट नाही, पण मुकी शांतताही नाही. तिसऱ्या फेरीनंतर मी थांबवली. डिक्कीतून जैनोद्दीनभाई म्हणाले, “चाललंय, मास्तर. फिरतंय आन् धरतंय.” जमिलाबी रडायला लागली आणि अक्का तिला रागं भरायला लागल्या.

“आता बाजारात घे गाडी,” अक्का मला म्हणाल्या.

“बाजारात गर्दी आहे, अक्का.”

“म्हणूनच.”

हणमंतप्पाच्या दुकानासमोर मी गाडी उभी केली. अक्कांना गाडीत बघूनच माणसं जमली. त्या काचेतून मला म्हणाल्या, “त्या दिशी हितंच वरडलास न्हवं? आता हितंच सांग.”

मी फूटबोर्डावर चढलो. म्हणालो, मंडळी, गाडी दुरुस्त झालीय. ओढ्यातून तीन फेऱ्या मारून आलोय. अक्का स्वतः त्या जागेवर बसल्या होत्या. जैनोद्दीनभाईंनी असं काम केलंय की सोलापूरला होणार नाही. इथवर सोपं होतं, लोकांच्या माना हलत होत्या. मग मी म्हणालो, “आणि मागं जे मोडलं, ते...”

पुढचं वाक्य मला येत होतं. ते चार दिवस मागत होते आणि मी दिले नाहीत, एवढंच वाक्य. मुलांपुढं तासन्‌तास बोललेला माणूस मी. डोळ्यांपुढं हेडमास्तर दिसले, आई दिसली, पुढच्या जत्रेचे उतारू दिसले.

डिक्कीचं झाकण उघडलं आणि जैनोद्दीनभाई उतरले. धुळीनं पांढरे झाले होते. इतक्या हळू आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाले, “मागं मोडलं ते माझ्या हातानं. ज्याला जरा सूट पायजे त्याचा म्या गळा आवळला. चूक माझी. आता कळलीय, आता परत हुनार न्हाय. ज्यांनी कामं दुसरीकडं नेली, त्यांनी आणावी.”

आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात मागणं नव्हतं, टोमणा नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण सुटल्यासारखंच वाटलं. मी फूटबोर्डावरून खाली उतरलो.

हणमंतप्पा म्हणाला, असं उघड कबूल करणारा माणूस कुठं मिळतो? मोटेचं चाक बार्शीहून आलंय पण मनासारखं नाही, उद्या घेऊन येतो. दुसरा कुणी नांगराचं बोलला. जमिलाबी गाडीतून उतरली. त्या दिवशी, ‘मला थांबायला वेळ नाही’ म्हणालो तेव्हा, भाता तिच्या हातात होता. तिनं सगळं ऐकलेलं होतं. माझ्याजवळून जाताना नऊ दिवसांत पहिल्यांदा बोलली, “मास्तर, गाडी चांगली चालवता तुमी.” आणि नवऱ्याच्या मागोमाग गेली. ते दोघं हैदराबादेला गेले नाहीत. भांडी पोत्यातून निघाली.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. दुपारची गाडी सुटली की मी चिंचेखाली जाऊन बसायचो. जमिलाबी चहा करायची, तिचा राग हळूहळू गेला, चेष्टा परत सुरू झाली. जैनोद्दीनभाई मोटारींचीही कामं करायला लागले. कळंबच्या एका ट्रकवाल्यानं त्यांना शोधत यावं इतकं नाव झालं. त्या भट्टीचा वास, तापल्या लोखंडावर पाणी पडल्याचा आवाज, चिंचेखालची गार झुळूक, याची मला आजही आठवण येते. एकदा मी विषय काढला होता. म्हणालो, “जैनोद्दीनभाई, त्या जत्रेच्या वेळी मी...” ते सांडशीत लोखंड धरून उभे होते. म्हणाले, “मास्तर, लोखंड गरम हाय. मागनं बोलू.” मागनं मी कधी बोललो नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही. टोपी मात्र तशीच होती. १९६५ साली इंजिननं मान टाकली तेव्हा सगळी मोटार मोडीत निघाली.

१९६७ च्या कार्तिकात दोन दिवसांच्या तापानं ते गेले. सगळं गाव कबरस्तानात आलं होतं. अक्काही रस्त्यापर्यंत येऊन थांबल्या होत्या. माती द्यायला आम्ही ओळीनं उभे होतो, माझ्या पुढं हणमंतप्पा. तो डोळे पुसत मागं वळला आणि म्हणाला, “सोन्यासारखा हात हुता, मास्तर. उभ्या जन्मात एकदाच चुकला बिचारा. तुमच्या गाडीला.”

माझ्या मुठीत माती होती. मी मान हलवली आणि पुढं होऊन ती टाकली.